दीपालीच्या ओटीतलं पत्र

…आणि पत्राच्या शेवटी काय, तर 'अनेक उत्तम आशीर्वाद'! अहो, मी तुम्हालाच विचारतो, तुम्ही सगळी नोकऱ्या केलेली माणसं, कुणाला कामावरून काढताना खाली 'अनेक उत्तम आशीर्वाद' लिहिलेलं पाहिलंय कधी? नाही ना? मग आमच्या हेमाबाईंकडे यायला हवं होतं! वर 'चि. सौ. दीपाली हीस', मध्ये 'तुझ्या जागेवर चैतालीला घेतलं आहे, तू कसलीही काळजी करू नकोस', आणि खाली आशीर्वाद, तेही अनेक, तेही उत्तम! आणि हे पत्र शेवटी कुठं गेलं? लेबर ऑफिसात! फाइलमध्ये! निशाणी क्रमांक एक! बाईंचं ते वळणदार अक्षर, हिरवी शाई, आणि वर सरकारी गोल शिक्का… बघवत नव्हतं हो.

थांबा, तुम्हाला नीट सांगतो. मी खळदकर. सदतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, निवृत्त झालो, आणि घरात बसून बायकोचं डोकं खाऊ लागलो, तेव्हा तिनंच मला हेमाबाईंच्या हवाली केलं. हेमा खांबेटे. पूर्वी कर्वेनगरात त्यांचा टायपिंग क्लास होता, म्हणून सगळ्यांच्या त्या 'बाई'. पुढे टाइपरायटर गेले, कॉम्प्युटर आले, पुण्यात ज्याला त्याला आयटीत जायची घाई झाली, अहो, आमच्या कोपऱ्यावरच्या गिरणीवाल्यानं दळणाच्या पाटीखाली 'इंटरनेट मिळेल' लिहिलं, मग बाईंनी काय घोडं मारलंय? त्यांनी मेडिकल ट्रान्स्क्रिप्शन काढलं. म्हणजे काय, तर अमेरिकेतला डॉक्टर रोगी तपासतो आणि फोनमध्ये बडबडतो. ती बडबड इंटरनेटवरून येते कर्वेनगरात, तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत. आमच्या मुली कानाला हेडफोन लावून ती टाइप करतात, मी इंग्रजी तपासतो, आणि तिकडं डॉक्टर झोपून उठायच्या आत कागद परत अमेरिकेला! आणि ते डॉक्टर तरी कसे? एक जण चिप्स खात बोलायचा. म्हणजे रोगी अत्यवस्थ, आणि कुर्रम कुर्रम!

चौदा माणसं होतो आम्ही. आणि बाईंचं एकच पालुपद. नवी मुलगी आली की पाण्याचा पेला हातात देत पहिलं वाक्य: "हे बघ, आमच्याकडे सगळं घरच्यासारखं!" नेमणुकीचं पत्र? छे, घरच्यांना कुणी पत्र देतं का? रजेचा अर्ज? भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायचं. 'हेमंती नाही', 'गॅस संपला', 'शिल्पा अर्धा दिवस', सगळं एकाच चौकोनात! प्रत्येकाचा वाढदिवस, प्रत्येकाचा फोटो बोर्डावर. मला बासष्टाव्या वर्षी कागदाची टोपी घालून उभं केलं होतं. सगळं घरच्यासारखं!

आणि त्या घरातली लाडकी कोण? तर दीपाली. दीपाली गजभिये. भंडाऱ्याची मुलगी, बी.एस्सी. झालेली, लग्न करून पुण्यात आली, दापोडीला दोन खोल्यांत राहायची. नवरा समाधान, भोसरीला कारखान्यात. बारीक चणीची, कमी बोलणारी… पण कान! तुम्हाला सांगतो, असा कान मी सदतीस वर्षांत एका विद्यार्थ्याचा पाहिला नाही. एक डॉक्टर होता, त्याचं बोलणं कुणालाही कळायचं नाही. सगळ्या मुली डोकं धरून बसायच्या. "सर, हा कुठल्या राज्यातला अमेरिकन आहे हो?" दीपालीनं दोन मिनिटं ऐकलं आणि शांतपणे म्हणाली, "सर, हा तेलुगू आहे. आमच्या कॉलेजात गुंटूरचे एक प्राध्यापक होते, अगदी असेच बोलायचे." आणि धडाधड टाइप केलं की सगळं! तीन वर्षांत तिच्या कागदावर चूक दाखवायला माझी लाल पेन्सिल टेकली नाही. मास्तराला याचा किती त्रास होतो, तुम्हाला नाही कळायचं.

आता बाईंचा जीव तिच्यावर का, तर त्याला आणखी एक कारण होतं. दोन वर्षांपूर्वी ती गरोदर असताना, तिसरा महिना, कामावरच तिच्या पोटात दुखायला लागलं. बाईंनी रिक्षा थांबवली, तिला आपल्या अंगावर टेकवून दवाखान्यात नेलं. पण राहिलं नाही काही. समाधान कारखान्यातून येईपर्यंत बाईच तिचा हात धरून बसल्या होत्या. मग आठ दिवस स्वतःच्या घरी ठेवलं, ताटात वरण-भात कालवून दिला. दवाखान्यातून आल्याच्या दुसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, "सर, ती रडली नाही हो. मीच रडले. तिनंच मला पाणी आणून दिलं."

तर अशी ही दीपाली दोन हजार चार सालच्या फेब्रुवारीत बाईंच्या टेबलापाशी उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, पाचवा महिना लागलाय. डॉक्टर म्हणतात, सगळं छान आहे. यावेळी मुद्दाम उशिरा सांगितलं."

झालं! त्या दिवसापासून ऑफिसचं प्रसूतिगृह झालं हो! दीपालीची खुर्ची बदलली. पाठीला उशी. पायाखाली पाट. पंखा तिच्याकडे, आम्ही बाकीचे उकडून निघालो तरी चालेल. दर तासाला ताक. आणि मग बाईंचं लक्ष गेलं पेडलकडे. आमच्या टेबलांखाली शिलाई मशिनला असतं तसं पेडल असतं, दाबलं की डॉक्टरचा आवाज पुढे, सोडलं की थांबतो. बाई ओरडल्याच, "पाय अजिबात हलवायचा नाही!" ती म्हणाली, "बाई, पेडल दाबल्याशिवाय टाइप कसं करणार?" तर बाई म्हणतात, "सर दाबतील!"

सर दाबतील! सर म्हणजे कोण? मी! बासष्ट वर्षांचा माणूस, गुडघ्यांत कळा, शेजारच्या स्टुलावर बसून पाय लांब करून तिचं पेडल दाबतोय! "सर, पुढे… थांबा… मागे, मागे… सर, फार मागे गेलात, अजून रोगी दवाखान्यातच आलेला नाही!" आठ दिवस हे चाललं. शेवटी एक दिवस बाई बँकेत गेल्यावर दीपाली हळूच म्हणाली, "सर, तुम्ही चहा पिऊन या. मी दाबते. मला काही होत नाही. मला उलट असं जपलं की भीती वाटते." मी हसलो. चहाला गेलो. ते वाक्य तेव्हाच धरायला हवं होतं की नाही? कानाची परीक्षा घेणारा मी, पण आपले कान कुठं होते?

मार्चमध्ये खराडीच्या एका मोठ्या कंपनीचं काम मिळालं. पूर्वीच्या दुप्पट. पण अट अशी, की एकही खुर्ची एक दिवसही रिकामी राहता कामा नये. बाई कॅलेंडरसमोर उभ्या राहिल्या. मे, जून, जुलै… बोटानं महिने मोजत होत्या.  मी काही विचारलं नाही.

त्याच आठवड्यात दीपाली भावाच्या लग्नाला भंडाऱ्याला गेली, चार दिवस. परत आली तर तिच्या खुर्चीत, तिच्या उशीला टेकून, चैताली नावाची नवी मुलगी! आणि बाई? बाई नवी साडी नेसून, हातात ताट घेऊन उभ्या! ओटी भरणार! अहो, दीपालीच्या घरात ओटीबिटी भरत नाहीत, ते बौद्ध लोक, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि टेबलावर बुद्धाची मूर्ती. तीन वर्षांत ती एकदाही ऑफिसच्या हळदीकुंकवात पुढे झाली नव्हती. पण बाईंनी विचारलं का? घरच्यासारखं ना सगळं! तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि बाईंचं मन मोडायला नको म्हणून ओढणी पुढे केली. नारळ, तांदूळ, खण… आणि वर एक पाकीट. आम्ही टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा! आम्हाला वाटलं, पाकिटात बाळासाठी शंभर-दोनशे रुपये असतील.

पाकिटात ते पत्र होतं हो.

दुसऱ्या दिवशी दहाच्या ठोक्याला दीपाली हजर. नेहमीसारखी. डबा हातात. बसायला जागा नाही. चैताली अर्धवट उठली, पुन्हा बसली, पुन्हा उठली. बाई म्हणाल्या, "अगं, तू कशाला आलीस? आराम करायचा ना!"

"बाई, हे पत्र काय आहे?"

"अगं, तुझ्यासाठीच ते! मागच्या वेळचं आठव. जिवापेक्षा नोकरी मोठी आहे का? घरी बस. पाय वर करून मस्त झोप. बाळ मोठं झालं की बघू मग पुढचं."

"डॉक्टरांनी लिहून दिलंय, मला नऊ मेपर्यंत काम करता येतं. आणि पुढे बारा आठवड्यांची पगारी रजा मिळते. तसा कायदा आहे. समाधानच्या कारखान्यात निम्म्या पाळ्या बंद झाल्यात, बाई. सध्या घर माझ्यावर आहे."

"कायदा? अगं, आपल्यात कसला कायदा? आपलं घरच्यासारखं…"

तेव्हा ती म्हणाली, आवाज चढवला नाही, पण सगळ्या मुलींनी हेडफोन खाली घेतले, "बाई, मी घरची आहे की कामावरची, ते एकदा सांगा. घरची असेन तर माझी खुर्ची दुसऱ्याला का दिली? कामावरची असेन तर माझी रजा द्या."

बाई "तुला राग आलाय, उद्या बोलू," म्हणाल्या. ती अकरापर्यंत उभी होती. सहा महिन्यांची पोटुशी बाई, तासभर. मी स्टूल पुढे केलं. "नको सर," म्हणाली. मग डबा न उघडताच गेली. आणि बाई मला म्हणतात, "बघितलंत? आपण चांगलं करायला जावं तर…" आणि मी, शहाणा माणूस, म्हणालो, "होईल शांत."

शांत? तीन आठवड्यांनी रजिस्टर्ड पत्र आलं. बाईंनी हसत हसत सही केली, त्यांना वाटलं कुणाच्या मुंजीचं आमंत्रण. आत लेबर ऑफिसची नोटीस! 'गरोदर असल्याच्या कारणावरून कामावरून काढले, प्रसूतीची रजा नाकारली, स्त्री कामगारास भेदभावाची वागणूक दिली.' भेदभाव! हा शब्द बाईंनी चार वेळा वाचला. मग चष्मा काढला, पुसला, पाचव्यांदा वाचला. "सर, माझ्याकडे? अहो, माझ्याकडे तर तुम्ही सोडून सगळ्या बायकाच आहेत! मी बाई, ती बाई, भेदभाव केला कुणी?"

मग आले वकील. ॲडव्होकेट योगेश, बाईंच्या शेजाऱ्यांचा मुलगा, तीन वर्षांची वकिली, खिशात दोन मोबाइल. "काकू, डोन्ट वरी. अपॉइंटमेंट लेटर दाखवा."

"नाही."

"बरं. लीव्ह रेकॉर्ड?"

बाईंनी भिंतीवरून कॅलेंडर काढून दिलं. त्यानं पान उलटलं. मोठ्यानं वाचलं, "'दीपाली सोनोग्राफी. कैऱ्या आणणे.' काकू, हे रेकॉर्ड आहे? बरं, कायदा दहा माणसांच्या वर लागतो. आपण पाच जणी कमी दाखवू."

बाईंनी बोर्डाकडे बोट केलं. चौदा वाढदिवस, चौदा फोटो, कागदाची टोपी घातलेला मी!

"ओके, ओके. टर्मिनेशन तोंडी होतं ना? लेखी काही नाही ना दिलंत?"

बाईंनी त्या पत्राची झेरॉक्स पुढे केली, लेबर ऑफिसनं नोटिशीला जोडलेली. योगेश वाचत गेला. खाली आला. थांबला. "काकू… आशीर्वाद?"

"मग? रागानं थोडंच काढलंय मी तिला?"

त्यानं दोन्ही मोबाइल टेबलावर ठेवले आणि कपाळ धरलं. मग म्हणाला, आता एकच रस्ता. गरोदर म्हणून काढलं हे कबूल केलं तर संपलो. म्हणायचं, कामात चुका होत्या म्हणून काढलं. 'परफॉर्मन्स.' बाई ताडकन म्हणाल्या, "तिच्या कामात? अरे, ती…" तर म्हणतो, "काकू, खराडीच्या कंपनीला ही केस कळली तर ते काम काढून घेतील. तेरा मुली घरी बसतील. एका मुलीसाठी तेरा जणी? तुम्ही ठरवा." असं म्हटल्यावर माणसानं काय करावं? बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मी छताकडे. आणि मग मला सांगितलं गेलं, "सर, दीपालीच्या चुका काढा."

आता ऐका. चार दिवस मी तीन वर्षांचे कागद उपसले. हजारो! आयुष्यभर मुलांच्या चुका काढल्या, त्यात एवढा तरबेज माणूस, आणि चार दिवसांत सापडलं काय? नऊ स्वल्पविराम. त्यातले सहा मीच घातलेले. आणि एक गुडघा. एका म्हाताऱ्याचा. कागदावर लिहिलेलं 'डावा गुडघा', आणि आवाज ऐकला तर डॉक्टर म्हणतो उजवा. योगेशनं टाळीच वाजवली, "ब्लंडर! उजव्याच्या जागी डाव्याचं ऑपरेशन झालं असतं!" पण मी पुढे ऐकलं. तोच डॉक्टर पुढच्या वाक्यात म्हणतो डावा. त्याचाच घोळ. आणि दीपालीनं कागदाच्या समासात खूण करून लिहिलं होतं, 'डॉक्टर दोन्ही म्हणतात, कृपया खात्री करावी.' आणि त्या खुणेखाली, माझ्या हातचं, 'शाबास.'

योगेश म्हणाला, "सर, ती खूण आणि तुमची शाबासकी झेरॉक्स काढताना झाकता येईल ना?"

येते. कागदाची एक पट्टी ठेवली की झाकली जाते. मीच ठेवली. कर्वेनगरच्या चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडे, सकाळी साडेदहा वाजता, भर उजेडात. बाईंना सांगितलं नाही. तिकडं बाई वकिलानं टाइप केलेल्या उत्तरावर, 'अक्षम्य चुका, वारंवार ताकीद', न वाचता सही करत होत्या. म्हणजे वाचलं होतं त्यांनी. पण न वाचल्यासारखी सही केली. मी कुणाला नावं ठेवू?

मे महिन्याच्या मध्यावर तारीख. लेबर ऑफिसात लाकडी बाक, पंखा गरगरतोय पण वारा येत नाही. समोर दीपाली, समाधानच्या आधारानं जिना चढून आलेली, आठवा महिना, पाय सुजलेले. बाई तिला बघून एकदम उठल्या, "अगं, पाणी घेतलंस का?" आणि योगेशनं पदराला धरून त्यांना खाली बसवलं, "काकू! अपोझिट पार्टी आहे ती!"

अपोझिट पार्टी! ज्या पोरीला ताटात भात कालवून दिला, ती अपोझिट पार्टी!

अधिकारी साहेब पन्नाशीचे, थकलेले, मृदू बोलणारे. त्यांनी आमचं उत्तर मोठ्यानं वाचलं. 'सदर कामगार ही निष्काळजी असून…' एकेक शब्द. दीपाली ऐकत होती, हेडफोन लावून ऐकायची ना, तशी, मान किंचित कलती करून. वाचून झालं. ती साहेबांशी बोललीच नाही. बाईंकडे वळली.

"बाई, कुठली चूक?"

एवढंच. योगेशनं झेरॉक्स फडकावली, गुडघा सांगितला. तिनं क्षणभर आठवलं. "तो डॉक्टर दोन्ही म्हणाला होता. मी समासात खूण केली होती. सरांनी शाबास लिहिलं होतं." आणि माझ्याकडे बघितलं. अहो, रागानं नाही हो! रागानं बघितलं असतं तर मी आज इतकं बोललो नसतो. मुलं उत्तर बरोबर आलं की मास्तराकडे बघतात ना, 'हो ना सर?', तसं बघितलं.

मी चपलेचा अंगठा बघत बसलो.

बाई हळूच म्हणाल्या, "सर, होती का खूण?"

मी मान हलवली. होती.

बाई उभ्या राहिल्या. योगेश पदर ओढतोय, तो सोडवून घेतला. म्हणाल्या, "साहेब, तिची एकही चूक नाही. तीन वर्षांत नाही. या कागदावर लिहिलंय ते सगळं खोटं आहे, पण सही माझी आहे."

"मग काढलंत कशासाठी?" साहेबांनी विचारलं. "तिच्या तब्येतीसाठी, की तुमच्या कामासाठी?"

मला वाटलं, आता म्हणतील तब्येतीसाठी. तेच म्हणायच्या ना सगळ्यांना, मलाही, स्वतःलाही. तोंडही उघडलं तसं. "तब्येती…" आणि थांबल्या.  "साहेब, मला तिच्या जिवाची भीती वाटत होती, हे खरंय. पुन्हा तसं झालं असतं तर मला सोसलं नसतं. पण खराडीचं काम नुकतंच आलं होतं, हेही खरंय. आणि दोन्हींचं उत्तर एकच निघालं, तेव्हा मला… बरं वाटलं. मी तिला विचारलं नाही. विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती."

योगेशनं वही मिटली. समाधान खिडकीबाहेर बघत होता. आणि दीपालीच्या डोळ्यांतून, दवाखान्यात आलं नव्हतं ना, ते पाणी आलं तिथं. बाईंनी पर्स उघडली, रुमाल काढला… आणि दिला नाही. हातातच धरून उभ्या राहिल्या. समाधाननं आपला दिला.

निकाल काय, साधा. पूर्ण पगारी रजा, आणि रजा संपल्यावर त्याच जागेवर कामावर घ्यावं. बाईंनी "मान्य" म्हणायला अर्धं मिनिटही लावलं नाही, चेक तिथंच लिहिला. खराडीच्या कंपनीला कुणी काही सांगितलं नाही, त्यांना तर पत्ताही लागला नाही. म्हणजे ज्या भीतीपोटी एवढं केलं ती भीतीच खोटी! तेरा जणींना काही झालं नाही हो. त्या मजेत टाइप करत राहिल्या. चौदावीचंच काय ते…

जूनमध्ये मुलगी झाली. छान, तीन किलोची. बाईंनी सुती झबली शिवली, सात, आणि मला घेऊन दापोडीला गेल्या. समाधाननं आदरानं आत घेतलं, खुर्च्या दिल्या, चहा केला. दीपाली म्हणाली, "बसा मॅडम."

तुमच्या लक्षात आलं का? मॅडम. तीन वर्षं 'बाई', आणि आता मॅडम. लेबर ऑफिसातसुद्धा बाई म्हणाली होती! बाईंनी चहाचा कप तोंडाला लावला, आणि नुसताच धरून ठेवला.

थोड्या वेळानं म्हणाल्या, "बाळाला घेऊ का?" बाईंना मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाला काही विचारताना ऐकलं. नाहीतर त्या एव्हाना उचलून मोकळ्या झाल्या असत्या!

दीपाली म्हणाली, "आत्ताच झोपलीय, मॅडम."

"असू दे, असू दे. झोपू दे." मग, "तुझी खुर्ची ठेवलीय. चैतालीला दुसरी घेतली. ऑगस्टपासून येशील ना?"

"नाही येणार, मॅडम. राग नाही. पण तिथं मला फार जपतात."

रिक्षात मीच आपला, रस्ते किती खोदून ठेवलेत, महापालिका काय झोपलीय का, असलं काहीबाही बरळत होतो. आणि घरी पोचल्यावर मी म्हणालो, "बाई, त्या झेरॉक्सचं… मला सांगायचं होतं." तर म्हणाल्या, "सर, तुम्ही कागद झाकलात. मी सही केली. आता कोण कुणाला माफ करणार? चला, चहा घेऊ." आणि तो चहा आम्ही दोघांनी घेतला नाही.

पुढच्या महिन्यात ऑफिस सुधारलं हो! प्रत्येकाला नेमणुकीचं पत्र, रजेचं रजिस्टर, सही, शिक्का. नवी मुलगी आली की बाई पाणी देतात, आणि ते पालुपद? ओठांपर्यंत येतं, "हे बघ, आमच्याकडे सगळं…" आणि थांबतं. मग म्हणतात, "सगळं कागदावर आहे. वाचून घे."

आणि परवा, म्हणजे दोन वर्षांनी, हिंजवडीच्या कुठल्याशा कंपनीतून फोन आला. बाईंनी स्पीकरवर टाकला, मला खुणेनं जवळ बसवलं, न जाणो फार इंग्रजी बोलली तर! पलीकडे कोवळ्या आवाजाची मुलगी, भराभर बोलणारी.

"हॅलो मॅडम, बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनसाठी कॉल करतेय. दीपाली गजभिये तुमच्याकडे होत्या का?"

"होती."

"जॉइनिंग डेट?"

बाईंनी तारीख सांगितली. रजिस्टर न बघता. वारासकट.

"रीझन फॉर लीव्हिंग? माझ्याकडे तीन ऑप्शन आहेत मॅडम. टर्मिनेटेड, ॲबस्कॉन्डिंग, रिझाइन्ड."

बाईंनी मग विचारलं, "टर्मिनेटेड लिहिलं तर तिला त्रास होईल का गं?"

"निगेटिव्ह जातं मॅडम."

"मग लिही, तिनं सोडली. तिनंच सोडलं आम्हाला." आणि तुम्हाला सांगतो, यात एका अक्षराचंही खोटं नव्हतं.

"काम कसं होतं?"

"एकही चूक नाही. लिहिलंस? एकही नाही, असं लिही."

"मी 'एक्सलंट'वर टिक करते मॅडम. लास्ट क्वेश्चन. त्यांना पुन्हा कामावर घ्याल का?"

"आज घेईन गं. आत्ता घेईन." बाईंनी फोन दोन्ही हातांनी धरला. "ती येईल का, एवढं तिला विचारशील?"

पलीकडे कीबोर्डचा टकटक आवाज. मग ती मुलगी अगदी मनापासून म्हणाली, "सॉरी मॅडम, आमच्या फॉर्ममध्ये तो कॉलमच नाहीये."